आकडा कोरलेला आहे, नावं आपण लिहू

पश्चिम महाराष्ट्रात आणि कोकणात बऱ्याच गावांत शाळेच्या, चावडीच्या नाहीतर देवळाच्या भिंतीत एक छोटी संगमरवरी पाटी बसवलेली आहे. पहिलं महायुद्ध संपल्यावर ब्रिटिश सरकारनं ती लावली. मजकूर सगळीकडे जवळपास एकच. या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धाला इतकी माणसं गेली, त्यांतल्या इतक्यांनी प्राण दिले. गेलेल्यांचा आकडा आहे, मेलेल्यांचा आकडा आहे. नाव मात्र एकाचंही नाही.

ज्यांच्या गावात अशी पाटी आहे त्यांना, आणि ज्यांच्या गावातून कधीकाळी कुणीही लढाईला गेलं त्या सगळ्यांना माझं एक मागणं आहे. या वर्षी ती नावं शोधा आणि पाटीशेजारी लिहून लावा. कमान, पुतळा, सुशोभीकरण हे सगळं नंतर बघता येईल. आधी नावं. ती सांगू शकणारी माणसं दर वर्षी कमी होत आहेत, आणि पाटीवर रंगाचा नवा हात बसला की आकडासुद्धा दिसेनासा होतो.

लढाईची आठवण सरकार ठेवतं आणि गावही ठेवतं, पण दोघांची कारणं वेगळी असतात. सरकारला पराक्रम सांगायचा असतो, पुढच्या भरतीसाठी तरुणांची मनं तयार करायची असतात. ते त्याच्या जागी असेल. गावाचं कारण साधं आहे. आपल्यातला एक माणूस गेला आणि परत आला नाही. त्याच्या वाट्याची जमीन कुणी कसली, त्याची बायको कुणाच्या आधारानं राहिली, पोरं कुणी वाढवली, हे सगळं गावातच घडलं. सरकारची आठवण आकड्यावर भागते. गावाची नावाशिवाय भागत नाही.

आपल्याकडे ही रीत फार जुनी आहे. गावोगाव देवळाच्या आवारात, वेशीजवळ वीरगळ उभे आहेत. खालच्या चौकटीत लढाई, वरच्या चौकटीत त्या वीराला स्वर्गात घेऊन जाणाऱ्या अप्सरा, त्याहून वर शिवलिंगाची पूजा करणारा तो वीर, आणि सर्वांत वर चंद्र-सूर्य. चंद्र-सूर्य आहेत तोवर याची आठवण राहो, असं त्या दगडाचं म्हणणं. बोरिवलीजवळ एकसरला जे वीरगळ आहेत त्यांवर तर जहाजांची लढाई कोरली आहे. शिलाहार राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा महादेव यादव यांच्या तेराव्या शतकातल्या संघर्षाशी अभ्यासक तिचा संबंध जोडतात. पण आपल्या बहुतेक वीरगळांवर अक्षर नाही. तो कोण होता, कुणाच्या गाई सोडवताना पडला, कुणाशी लढला, हे गाव हळूहळू विसरलं. दगडाला शेंदूर लागला, त्याचा देव झाला. लोकांनी त्याला टाकलं नाही, ही मोठीच गोष्ट. तरी माणूस हरवला तो हरवलाच.

पानिपतची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. १४ जानेवारी १७६१ च्या त्या दिवसाची बातमी पेशव्यांना एका सावकारी पत्रातून सांकेतिक भाषेत कळली, असं सांगितलं जातं. पत्रात मोठ्या माणसांना मोती म्हटलं होतं, सरदारांना मोहरा. पुढे रुपये आणि खुर्दा किती गेला त्याची गणतीच नाही, असा मजकूर होता. भाऊसाहेब, विश्वासराव, जनकोजी शिंदे, इब्राहिमखान गारदी ही नावं आपल्याला पाठ आहेत. आजही संक्रांतीच्या दिवशी महाराष्ट्रातून माणसं पानिपतला काला आंबच्या स्मारकाशी जातात, माथा टेकतात. जावं, जरूर जावं. पण ज्यांना त्या पत्रात खुर्दा म्हटलं ती हजारो माणसं आपल्याच गावांतली होती. त्यांतल्या कितींची नावं आपल्या गावाला ठाऊक आहेत? पानिपतच्या शिपायांची नावं आता मिळणार नाहीत, तो काळ हातातून गेला. १९१४ चा अजून गेलेला नाही.

त्या महायुद्धात हिंदुस्थानातून सगळ्यांत जास्त माणसं गेली ती मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये. लढाईवर गेलेल्याला जुनी माणसं ‘लामावर गेला’ म्हणायची, तो लाम बऱ्याचदा बसऱ्याच्या पलीकडचा असायचा. तिथल्या कुत गावाला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. डिसेंबर १९१५ मध्ये वेढा पडला आणि २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली. मधल्या काळात दाणागोटा संपला, घोडी आणि खेचरं मारून खायची वेळ आली, आजारानं माणसं झिजली. कैद झालेल्यांतले कितीतरी वाळवंटातल्या चालीत आणि रेल्वेच्या कामावर मेले. ११७ व्या पलटणीला पुढे १९२१ मध्ये ‘रॉयल’ हा किताब मिळाला. पलटणीचा गौरव झाला. शिपायांचं काय झालं, ते बसऱ्याला दिसतं.

मेसोपोटेमियात मेलेल्या आणि ज्यांची कबर माहीत नाही अशा चाळीस हजारांहून अधिक जणांचं स्मारक १९२९ मध्ये बसऱ्याला झालं. त्यावर गोऱ्या सैनिकांची नावं कोरली, हिंदी अधिकाऱ्यांची कोरली. हिंदी शिपायांच्या बाबतीत पलटणीचं नाव लिहून त्याखाली फक्त संख्या दिली. या गोष्टीचा मला राग येतो आणि तो लपवण्याचं कारण दिसत नाही. तीच वाळू, तीच भूक, तीच गोळी. मरणात फरक नव्हता, दगडावर तो केला गेला. जगभरच्या या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशननं २०२१ मध्ये स्वतःच नेमलेल्या समितीचा अहवाल प्रसिद्ध करून हा भेदभाव कबूल केला आणि माफी मागितली. दिल्लीच्या इंडिया गेटवरही तेरा हजारांहून थोडी अधिक नावं आहेत. ते स्मारक ज्यांच्यासाठी उभारलं त्यांची संख्या सत्तर हजारांच्या घरात सांगतात. म्हणजे गावात आकडा, परदेशात आकडा, आणि राजधानीतही बहुतेकांच्या वाट्याला आकडाच.

नाव कोरल्यानं काय होतं हे पाहायचं असेल तर भीमा कोरेगावला जा. १ जानेवारी १८१८ ची पेशव्यांशी झालेली लढाई आणि तिथला स्तंभ, दोन्ही ईस्ट इंडिया कंपनीचे. कंपनीनं तो आपल्या शौर्याची साक्ष म्हणून उभारला. पण त्यावर पडलेल्या साध्या शिपायांची नावं आहेत, आणि त्यांत महारांच्या नावांना लागायचं ते ‘नाक’ हे पद लागलेली बावीस नावं आहेत. शंभर वर्षांनंतर, ज्यांना समाजानं माणूस म्हणून मोजलं नव्हतं त्यांनी त्या दगडावर आपले पूर्वज वाचले. १ जानेवारी १९२७ ला डॉ. आंबेडकर तिथे गेले. आज लाखो लोक जातात, आणि त्यांच्यातल्या फारच थोड्यांना कंपनीच्या विजयाशी काही देणंघेणं असतं. स्तंभ उभारणाऱ्याचा हेतू एक होता, वाचणाऱ्यांनी त्यातून आपला अर्थ घेतला. हे शक्य झालं कारण तिथे वाचायला नावं होती. नुसती संख्या असती तर तो आज ओसाड माळावरचा एक खांब राहिला असता.

इथे कुणीतरी विचारतंच, आणि विचारणं रास्त आहे: ही माणसं परक्या राजासाठी लढली, त्यांची आठवण कशाला? माझं उत्तर असं की आठवण ठेवणं म्हणजे त्या युद्धाला होकार देणं नव्हे. १९१४ च्या शिपायाला युद्ध का होतंय हे कुणी विचारलं नव्हतं. दुष्काळी तालुक्यात, दोन एकर कोरडवाहूवर सात तोंडं असताना पगार आणि पेन्शन देणारी एकच नोकरी दारात आली होती. घराण्याची परंपरा म्हणूनही पुष्कळ जण गेले. महारांची भरती तर आधीच्या काळात बंद केली होती. माणसं कमी पडायला लागली तेव्हा १९१७ मध्ये १११ महार ही पलटण उभी केली आणि गरज संपताच १९२१ मध्ये मोडली. हे सगळं सांगायचं तर त्या माणसांबद्दल बोलावंच लागेल. त्यांना वगळून साम्राज्यावर टीका केली तर आपणही त्यांना आकड्यातच ठेवलं असं होईल.

आणखी एक. टीव्हीवर, चौकात, फोनवर युद्धाची भाषा फार सहज बोलली जाते. ज्या गावात मेलेल्यांची नावं भिंतीवर वाचता येतात, आडनावं ओळखीची असतात, तिथे बोलणारा थोडा थांबतो, असा माझा विश्वास आहे.

आता कामाचं बोलू.

सुरुवात घरांपासून करा. ज्या घरात ‘आमचा पणजा लढाईत गेला’ असं सांगतात तिथे वही घेऊन बसा. पुरुषांच्या आधी म्हाताऱ्या बायकांना विचारा. कुणाची सासू तरुणपणी विधवा झाली, कुणाला पोस्टातून पेन्शन यायची, कुणाच्या घरी पत्र आलं होतं, हे त्यांना आठवतं. मग माळ्यावरच्या पेट्या उघडायला सांगा. पहिल्या महायुद्धाच्या पदकाच्या कडेवर इंग्रजीत शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. भिंगानं वाचा, फोटो काढा, घासून चकचकीत करू नका, कारण कडेची अक्षरं झिजतात. मेलेल्याच्या वारसाला काशाची एक गोल चकती मिळायची, साधारण बारा सेंटिमीटर व्यासाची. तिच्यावर त्याचं नाव उठावात असतं, हुद्दा नसतो. मेल्यावर सगळे सारखे म्हणून तो मुद्दाम गाळला होता. अशा चकत्या भंगारात गेल्या आहेत. ज्या उरल्यात त्या विकू नका, आणि गावातल्या कुणी विकायला काढली असेल तर त्याला आधी हे वाचून दाखवा.

दुसरी जागा म्हणजे कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची वेबसाइट. ती फुकट पाहता येते आणि तिच्यावर दोन्ही महायुद्धांतल्या हिंदी सैनिकांच्याही नोंदी आहेत. ज्यांचं नाव दगडावर नाही अशा पुष्कळांचं तिथे सापडतं. अनेक नोंदींत बापाचं नाव, गाव, तालुका आणि जिल्हा दिलेला असतो. गावातल्या कॉलेजच्या मुलांना हे काम द्या, त्यांना ते चांगलं जमेल. फक्त दोन गोष्टी त्यांना सांगून ठेवा. गोऱ्या कारकुनानं ऐकलं तसं लिहिलं आहे, त्यामुळे गावाच्या आणि आडनावाच्या चार-पाच तऱ्हेच्या स्पेलिंगनं शोधावं लागेल. आणि जिल्हे तेव्हाचे आहेत. रायगडचं गाव कुलाब्यात सापडेल, सिंधुदुर्गचं रत्नागिरीत. आजच्या सांगलीतले कितीतरी तालुके तेव्हा साताऱ्यात होते. संस्थानी मुलुखातली गावं संस्थानाच्या नावाखाली असू शकतात.

तिसरी जागा तलाठ्याचं दप्तर. माणूस परदेशात मेला तर गावच्या मृत्यूनोंदीत तो असेलच असं नाही, पण त्याच्या नावावर जमीन असेल तर वारस लावताना फेरफार झालाच असणार. त्या काळची नोंद मोडीत असू शकते. मोडी वाचणारी माणसं आजही आहेत. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाशी संपर्क साधला तर वाट सापडेल. शाळेचं जुनं जनरल रजिस्टरही चाळा. शिपायाचा मुलगा शाळेत गेला असेल तर पालकाच्या रकान्यात कधी आजोबाचं नाव दिसतं, कधी आईचं, आणि तिथून धागा लागतो.

शोधताना बंदूकवाल्यांपुरते थांबू नका. पलटणीबरोबर भिस्ती होते, स्वयंपाकी होते, खेचरं हाकणारे होते, जखमींच्या डोल्या वाहणारे होते. त्यांचीही हाडं तिथेच राहिली. कोकणच्या मंडळींनी समुद्रावर गेलेल्यांना विसरू नये. बोटींवरचे खलाशी, आगवाले, टंडेल, सारंग पाणतीराच्या आणि सुरुंगाच्या माऱ्यात बुडाले. मुंबईत मस्जिद बंदरच्या बाजूला खलाशांच्या वसतिगृहात त्यांचं स्मारक आहे, दोन हजारांहून अधिक जणांचं. मुंबईतच राहणाऱ्या कितीजणांनी ते पाहिलंय? रत्नागिरी-रायगडच्या किनाऱ्यावरच्या गावांनी, विशेषतः ज्या मुस्लिम मोहल्ल्यांची पिढ्यान् पिढ्यांची रोजी जहाजावर होती त्यांनी, तिथे चौकशी करावी.

नावं मिळाली की लिहायची कशी, याबद्दल माझं मत ठाम आहे. पूर्ण नाव, बापाचं नाव, वाडी किंवा आळी, पलटण, कुठे आणि कधी मृत्यू. एवढंच. जातीनुसार वेगळे गट करू नका, हुद्द्यानुसार वरखाली लावू नका, आद्याक्षरानं लावा. वर्गणी देणाऱ्यांची नावं त्या दगडावर नकोत, सरपंचाचं नको, आमदाराचंही नको. त्यांच्यासाठी ग्रामपंचायतीत फलक आहेच. जुनी पाटी काढू नका, हलवू नका, तिच्यावर रंग देऊ नका. चुन्याचे थर असतील तर मऊ फडक्यानं आणि पाण्यानं हळू काढा, तेजाब वापरू नका. पाटी सहा जण मेल्याचं सांगत असेल आणि तुम्हाला चारच सापडले तर चारच लिहा. दोन अजून मिळालेले नाहीत असं खाली स्पष्ट नोंदवा. ऐकीव नाव घालून आकडा पुरा करू नका. चुकीचं नाव एकदा दगडावर गेलं की शंभर वर्षं तेच खरं ठरतं.

जे जिवंत परतले तेही त्या आकड्यात आहेत. त्यांची यादी शक्य असेल तर वेगळी करा, वहीत का होईना. कुणी एक हात गमावून आला, कुणी रात्री ओरडत उठायचा, कुणाला गावानं वेडा ठरवलं. अशी माणसं प्रत्येक युद्धानंतर परततात. अपंग जवानांना धंद्याचं शिक्षण देण्यासाठी खडकीला क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट आहे, तिची सुरुवात १९१७ मधली, याच युद्धातून झालेली. शंभर वर्षांनंतरही ती संस्था लागते, यातून काय समजायचं ते समजावं.

दुसऱ्या महायुद्धातल्या यशवंत घाडगे यांचं नाव बहुतेकांना माहीत असतं. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे, मराठा पलटणीतले नाईक, १० जुलै १९४४ ला इटलीत पडले, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. २०२३ मध्ये इटलीतल्या मोंतोने गावानं त्यांच्या नावाचं एक सूर्यघड्याळ उभारलं. त्या डोंगरातल्या लोकांना दूरच्या कोकणातल्या एका शिपायाचं नाव आपल्या गावात असावंसं वाटलं. मग त्यांच्यासारखेच इटलीत, एरिट्रियातल्या केरेनला, उत्तर आफ्रिकेत, ब्रह्मदेशात पडलेल्या आपल्या बाकीच्यांसाठी आपण काहीच करू नये का? पराक्रमाचं पदक थोड्यांना मिळतं, स्मरणाचा हक्क सगळ्यांचा आहे.

स्वातंत्र्यानंतरच्या लढायांबाबत काम सोपं आहे आणि म्हणूनच टाळलं जातं. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात, जे २५ फेब्रुवारी २०१९ ला खुलं झालं, पंचवीस हजारांहून अधिक नावं ग्रॅनाइटवर आहेत. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात तुमच्या तालुक्यातल्या वीरपत्नींची आणि वीरमातांची माहिती असते. १९६२, १९६५, १९७१ मधल्या जवानांच्या बायका आता ऐंशीच्या आसपास किंवा पुढे आहेत. त्यांच्याकडे याच महिन्यात जा. ऐकून घ्या आणि त्यांची परवानगी घेऊन फोनवर रेकॉर्ड करा. तो कसा मेला हे वर्तमानपत्रात आलेलं असतं. तो काय खायचा, कुणाला चिडवायचा, शेवटच्या सुट्टीत घराचं कोणतं काम अर्धं ठेवून गेला, हे फक्त तिला माहीत आहे.

२६ जुलैला कारगिल विजय दिनाचे, १६ डिसेंबरला विजय दिनाचे कार्यक्रम होतात, त्यांबद्दल एक विनंती. वीरमातेला उन्हात दोन तास बसवून तिच्यासमोर दहा भाषणं करू नका. फ्लेक्सवर जवानाचा फोटो मोठा असू द्या, बाकी कुणाचा नसला तरी चालेल. शाल-श्रीफळ एकदा दिलंत, पुरे झालं. दर वर्षी तीच शाल घेऊन जाण्यापेक्षा पेन्शन वेळेवर येते का, बँकेत हयातीचा दाखला कोण नेऊन देतं, जमिनीचा फेरफार अडकलाय का, हे विचारा आणि त्यातलं एक काम करून द्या. कार्यक्रमात नावं मोठ्यानं वाचा, सावकाश, आणि वाचायला शाळेतली मुलं घ्या. एवढं केलं तरी सभा पूर्ण झाली समजा. ७ डिसेंबरला ध्वजदिन असतो, त्या दिवशी जमलेला निधी जवानांच्या कुटुंबांसाठी जातो, तो गावातूनही गोळा करून सैनिक कल्याण कार्यालयात भरता येतो.

एखादं घर नको म्हणेल. आमच्या माणसाचं नाव भिंतीवर नको, आम्हाला तो विषय काढायचा नाही, असं सांगेल. कधी मागे जमिनीचं भांडण असतं, कधी दुसरं लग्न, कधी सांगता न येणारं दुःख. तिथे हट्ट करू नका. त्या नावाची नोंद फक्त वहीत ठेवा, वही शाळेत किंवा ग्रंथालयात ठेवा, आणि दोन-चार वर्षांनी पुन्हा जाऊन विचारा. बाकीची नावं त्यासाठी थांबवू नका. नावं लावायला ग्रामसभेचा ठराव लागेल, तो २६ जानेवारीच्या किंवा १५ ऑगस्टच्या सभेत मांडा. विषयपत्रिकेत आधी घालायला ग्रामसेवकाला पंधरा दिवस अगोदर सांगून ठेवा.